नात्याचा रकाना

राजेश्वर, ता. बसवकल्याण
१२ जानेवारी २०२५

आदरणीय बसवेश यांस,

सप्रेम जयभीम, आणि तुमच्या घरच्या रीतीने शरणु शरणार्थी.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही, तुमच्या घरच्या मंडळी आणि मुलगा बरे असाल असं धरते. तुमच्या अव्वा मागच्या महिन्यात बसवकल्याणच्या बसस्टँडवर भेटल्या होत्या. गुडघ्याला पट्टा बांधून स्वतःच भाजी घेऊन चालल्या होत्या. मी पिशवी धरायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, ह्येच्यानंच तोल राहायलाय." त्यांची काळजी करायला नको, असं मला त्यावरून वाटलं.

तूर काढून झाली आहे. हुमनाबादच्या दवाखान्यात मी अजून औषधांच्या खिडकीवरच आहे. सकाळची बस, संध्याकाळची बस. पूर्वी संध्याकाळी धम्मादादा लॉऱ्यांच्या वजनकाट्यावरून घरी जाताना मला मोटारसायकलवर घेऊन जायचा. आता बसची वेळ पाठ झाली आहे.

त्याला जाऊन पाच महिने झाले. त्या दिवशी तुमचा फोन त्याच्या मैत्रेयीने घेतला होता. मी शेजारीच उभी होते. काही लागलं तर सांगा, असं तुम्ही तिला म्हणालात. अशा वेळी सगळेच म्हणतात, म्हणून ते मी धरून ठेवलं नव्हतं. आज मात्र त्याच शब्दावर लिहीत आहे.

मैत्रेयी कलबुर्गीहून इंजिनीअर झाली. नोकरी बघते आहे. आता नुसता अर्ज केला तर कोणी उघडतही नाही म्हणे. कंपनीत आधीपासून असलेल्या माणसाने आपलं नाव पुढे करावं लागतं, त्याला रेफरल म्हणतात. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला तिने समजावून सांगितलं तेव्हा आश्चर्य वाटलं. तुमच्याकडे सगळं मशीनवर चालतं आणि तरी शेवटी कोणीतरी ओळखीचं लागतंच.

रोज सकाळी चहा घेऊन ती ओसरीत बसते आणि अनोळखी लोकांना लिहिते. तिच्या वहीत साठ-सत्तर नावं आहेत. बहुतेक जण उत्तर देत नाहीत. एकाने लिहिलं, मी तुम्हाला ओळखत नाही, माझं नाव कशाला खर्ची घालू? ते तिने मला हसत हसत वाचून दाखवलं आणि मग वहीतलं ते नाव खोडलं.

मुलाखतीत उपयोगी पडेल म्हणून ती कंपन्यांच्या सुरुवातीच्या गोष्टीही गोळा करते. सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. सगळ्या मोठ्या कंपन्या गॅरेजमध्ये सुरू होतात म्हणे. मी म्हटलं, तुझ्या बसवेश काकाची परतमाल कंपनी टायरच्या दुकानामागे झाली, म्हणजे फार लांब नव्हती.

तेव्हा तिने परतमालचं पान उघडून दाखवलं. त्यावर 'आमची गोष्ट' म्हणून लिहिलं आहे की २०१० साली बेंगळुरूच्या एका फ्लॅटमध्ये दोन मित्रांनी कंपनी काढली. फोटोत तुम्ही आणि दुसरे एक गृहस्थ आहेत. मैत्रेयी म्हणाली, "आत्या, पप्पा तर हुमनाबाद म्हणायचे. खरं कंचं?"

त्या पानाबद्दल तक्रार करायला मी लिहीत नाही. बेंगळुरूलाही काही झालं असेलच. पण तिला मी जे सांगितलं ते तुम्हाला कळावं, म्हणून लिहिते.

मी तिला सांगितलं, की पुण्याहून हैदराबादला माल टाकला की लॉऱ्या रिकाम्या परतायच्या. हुमनाबादच्या ढाब्यांवर ड्रायव्हर दोन-दोन दिवस भाड्याची वाट बघत पडून राहायचे. तिच्या पप्पांनी आणि बसवेश काकांनी एक फोन नंबर काढला. त्यावर गाडीचा नंबर आणि कुठे जायचं ते पाठवलं, की मशीन उलट मेसेज करून माल कुठे आहे ते सांगणार. पाटीवर तसंच लिहिलं होतं. मशीन काही तयार झालं नव्हतं. तुमच्या अप्पांच्या त्या टायरच्या दुकानामागच्या खोलीत तीन फोन आणि एक रजिस्टर घेऊन मी बसायचे.

"मंजे मशीन तू होतीस व्हय?" ती म्हणाली.

"दुसरं कोण बसणार," मी म्हटलं.

मग नरसिंग ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. तुम्हाला आठवत असेल. तो मशीन बघायलाच आला होता. धम्मादादाने त्याला सांगितलं, "मशीनला ताप आलाय. आत डॉक्टर हाय." मी तिथेच बसले होते, तीनही फोन ओढणीखाली. नरसिंग मला म्हणाला, "अक्का, तुमचं मशीन लई इमानी हाय, पर एवढं हळू कामून लिहायलंय? शिकायलंय का अजून?" मशीनला तो रोज जेवलास का म्हणून विचारायचा. धम्मादादाच्या पुण्यानुमोदनाला आला तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. मग म्हणाला, "मंग जेवली होतीस का न्हाई त्या टायमाला?"

तुम्ही हैदराबादहून नंबर नीट चालतो का ते बघायला चार शून्यांच्या खोट्या गाडीचे मेसेज पाठवायचात. ते मी तिला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

तर विनंती एवढीच, की मैत्रेयीचं नाव तुम्ही पुढे करावं. पुढचं तिचं ती करील. तिच्या पप्पांनी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी मागते आहे.

मेल कर असं ती म्हणत होती. पण टाइप करून तुम्हाला काही पाठवणं मला जमलं नसतं, म्हणून पोस्टाने लिहिलं.

अव्वांना आणि घरी सगळ्यांना नमस्कार.

आपल्या मित्राची, धम्मानंदची
बहीण


राजेश्वर
१२ फेब्रुवारी २०२५

बसवेश यांस,

जयभीम.

तुम्ही लगेच मैत्रेयीचं नाव दिलंत, ते कळलं. तिची परीक्षा चांगली गेली. मुलाखत झाली, त्यात हुमनाबादची गोष्ट तिने सांगितली आणि समोरचे दोघे हसले म्हणे. आमच्याकडे दोन दिवस आनंदात गेले. वहिनीने कितीतरी महिन्यांनी पुरणाचं केलं.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला माझ्या आधी कळलं असेल.

फॉर्ममध्ये रकाना होता, कंपनीत तुमचे कोणी नातेवाईक आहेत का. मैत्रेयीने लिहिलं, हो, बसवेश काका. तिला जन्मापासून तेच माहीत. तुमच्याही फॉर्ममध्ये रकाना होता, उमेदवाराला कसे ओळखता. तिथे तुम्ही लिहिलंत, घरची मुलगी. दोन्ही कागद जुळले आणि काम थांबलं. मालकाच्या नात्यातल्या माणसाला मालकाच्याच शिफारशीवर घेता येत नाही, असा तुमचाच नियम आहे म्हणे. तिकडच्या बाईंनी तिला फोनवर विचारलं, आईकडून काका की वडिलांकडून? ती म्हणाली, कुणाकडूनच नाही, नुसते काका. बाईंना ते काही समजलं नाही.

आपल्याकडे बस कंडक्टरलाही आपण अण्णा म्हणतो. हे त्या बाईंना कसं सांगणार.

आता त्यांना लेखी पाहिजे, की नातं नाही. वीस तारखेपर्यंत. मैत्रेयी घरात येऊन म्हणाली, नातं असल्याचा पुरावा देता येतो, नसल्याचा काय देऊ? वहिनी भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "दोघांचे जातीचे दाखले लाव जा. नातं हाय का न्हाई ते त्येच्यावरनं कळतंय की."

तिने सहज म्हटलं. मैत्रेयी हसली. मी घागर घेऊन नळावर गेले. पाणी यायला अजून वेळ होता.

तुमचं आणि मैत्रेयीचं फोनवर झालेलं बोलणं तिने मला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ज्या पोरीला मांडीवर घेऊन कीबोर्ड दाखवला, ती माझी कुणी न्हाई म्हणून कसं लिहू? दुसऱ्या कंपनीत बघू तुझं." तिला दुसरी नको आहे. ही पप्पांची आहे, असं ती म्हणते. पानावर त्यांचं नाव नाही तर निदान हजेरीपटावर आडनाव तरी लागावं, असं तिच्या मनात आहे. तुम्ही लिहिलं नाही तर ते होणार नाही.

म्हणून मला हे पत्र लिहावं लागत आहे. ते लिहिणं तुम्हाला जड जातं, हे मला कळतं. पण ते खरं आहे. नातं नाही. आणि ते नाही, ते माझ्यामुळेच.

मी तुम्हाला कधी अण्णा म्हटलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का ठाऊक नाही. धम्मादादाच्या आलं होतं. एकदा जेवताना म्हणाला, "समद्या गावाला अण्णा म्हणतीस, बसवेशलाच कामून न्हाई?" मी म्हटलं, तोंडात बसत नाही. तो हसला आणि पुन्हा विचारलं नाही. त्याला ते आवडलं होतं, असं मला वाटतं.

चार शून्यांची गाडी मी रजिस्टरला कधी चढवली नाही. तुम्ही विचारायचात, गूळ आहे का. मी लिहायचे, गूळ ओला आहे. तुम्ही विचारायचात, मग काय कोरडं आहे. मी लिहायचे, ड्रायव्हरचं डोकं. दुसरे ड्रायव्हर खोळंबायचे आणि तुम्हीच मग विचारायचात, मशीन हळू का झालं.

२००९ च्या नोव्हेंबरात, एका दुपारी, अप्पा खोलीवर आले. धम्मादादा ढाब्यांवर गेला होता. अप्पांनी माझ्याकडे पाणी मागितलं, मी माठातलं दिलं, ते प्याले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी कोणापुढेही सांगेन. आमच्या घरी जेवलेले होते. शरणांची वचनं त्यांना पाठ होती. कल्याणात आठशे वर्षांपूर्वी जातीबाहेरच्या एका लग्नापायी कसं रक्त सांडलं ते मला शाळेत शिकवलं होतं, तुम्हालाही. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. फक्त म्हणाले, "ज्योत्स्ना, तू मला पोरीसारखी. माझी धाकटी पण पोरगीच हाय. तिची सोयरीक मोडायलीय, लोक बोलायलेत. बसवेश माझं ऐकत न्हाई. तू न्हाई म्हणलीस तर ऐकंल." मग पेला स्वतः विसळून पालथा घातला आणि गेले.

दोन दिवसांनी तुमचा मेसेज आला. चार शून्यांची गाडी रिकामी आहे. हुमनाबाद से हमेशा का माल मिलेगा?

माल नसला की पाठवायचं ठरलेलं उत्तर तुम्हीच लिहून दिलं होतं, भिंतीवर चिकटवलेलं होतं. 'आज माल नहीं. कल फिर पूछो.' मी त्यातला 'आज' काढला. दुसरं वाक्यही काढलं. उरलं ते पाठवलं.

त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत. विचारू नये असंच ते होतं.

ही एवढी गोष्ट तुमच्या-माझ्यातली आहे आणि ती जुनी झाली. पण तिच्यात धम्मादादा सापडला, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुमचे मेसेज थांबले तसं त्याने मला विचारलं, "काय म्हणला त्यो?" मी गप्प बसले. "पळाला व्हय?" मी गप्पच बसले. मी नाही म्हटलं हे सांगितलं असतं, तर त्याने का म्हणून विचारलं असतं. मग अप्पांचं नाव निघालं असतं. खोली अप्पांची होती. तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला असता. मला वाटलं, गप्प बसले तर कोणाचंच काही मोडणार नाही.

महिन्याभराने तुम्ही त्याला बेंगळुरूला बोलावलंत. आईबाबांकडे बघायचं आहे, असं त्याने तुम्हाला सांगितलं. आईबाबा तेव्हा धडधाकट होते. तो तुमच्यावर रागावून राहिला, कारण तुम्ही मला दिलेला शब्द मोडला असं त्याला वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. पंधरा वर्षं तो वजनकाट्यावर बसला. जाणाऱ्या-येणाऱ्या लॉरीवर परतमालची पाटी दिसली की दुसरीकडे बघायचा. कधीतरी सांगू, असं मी म्हणत राहिले. ऑगस्टात तो काट्याच्या खोलीत खुर्चीवरच गेला. मी दोन किलोमीटरवर दवाखान्यात होते आणि मला निरोप यायला पाऊण तास लागला.

तुम्हाला त्याचा राग आला असेल तर तो माझ्यावर वळवा. मी हे माफी मिळावी म्हणून लिहीत नाही. ज्याची मागायची तो राहिला नाही.

तर लिहून द्या. ह्या मुलीशी किंवा तिच्या घराशी माझं कोणतंही नातं नाही, असं. मी नाही म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही खोटं लिहीत नाही आहात. एवढंच बघा, की जातीचे दाखले लावावे लागू नयेत. तुमच्या सहीवर भागावं.

वीस तारीख लक्षात असू द्या.

रकान्यात लिहाल त्याप्रमाणे, तुमची
कोणी नाही


राजेश्वर
१६ मार्च २०२५

बसवेश,

तुम्ही दिलेल्या कागदाची प्रत मैत्रेयीला मिळाली. तिने मला वाचायला दिली. एकच ओळ आहे, आणि सही. दाखले लावावे लागले नाहीत. मी ती ओळ दोनदा वाचली आणि घडी करून तिला परत दिली. चांगली लिहिली आहे.

ती काल सकाळी गेली. हुमनाबादच्या स्टँडवर वहिनी, मी आणि नरसिंग होतो. नरसिंगला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने शेंगाचटणीची पिशवी आणली होती. मैत्रेयीला म्हणाला, "तिकडं खरं मशीन असंल आता. त्याला म्हण, जेवत जा." गाडी लागल्यावर तिने मला विचारलं, "आत्या, तिकडं काकाला काय म्हणू? सर म्हणू का?" मी म्हटलं, कचेरीत सर म्हण. बाहेर तुझं तू बघ.

तुमचं पत्र मिळालं. त्याला उत्तर लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात दुसरंच काही झालं, म्हणून आधी ते सांगते.

काट्याच्या मालकांनी धम्मादादाच्या टेबलाचा खण रिकामा करून द्यायला सांगितलं. वहिनीला जाववेना, म्हणून मी गेले. पावत्यांची जुनी पुस्तकं, चष्मा, बाबासाहेबांचा छोटा फोटो, आणि खाली फडक्यात गुंडाळलेला फोन. तीनपैकी दोन फोन आपण त्या वेळी दुकानदाराला परत केले होते. तिसरा हरवला, असं धम्मादादानेच सांगितलं होतं. चार्जरही सोबत होता. लावला तर सुरू झाला. आणि नंबर चालू. फाट्यावरच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "अण्णा दर साली वर्षभराचा रिचार्ज मारायचे की. कुणाला फोन करत न्हवते, कुणाचा येत न्हवता. मी म्हणायचो, बंद करा. ते म्हणायचे, राहू दे, चालू असावं."

आतले सगळे मेसेज पुसलेले होते. जपून ठेवलेल्यात दोनच होते. एक तुमचा शेवटचा, एक त्यावरचा माझा. माझा मी पाठवल्या पाठवल्या पुसला होता असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. कोणी विचारलं आणि कोणी नाही म्हटलं, दोन्ही. भिंतीवरचं वाक्य त्यालाही पाठ होतं, त्यातलं काय गाळलं ते त्याला कळलं नसेल असं नाही. मला "पळाला व्हय" म्हणून विचारलं ते ठाऊक असून विचारलं, की नंतर त्याने वाचलं, हे आता कळायचं नाही. पण मागच्या पत्रात, तो तुमच्यावर रागावून राहिला, असं मी लिहिलं. ते बहुधा खरं नव्हतं. मग तो का गेला नाही, हे मी आठवडाभर स्वतःलाच विचारत आहे.

पंधरा वर्षं रोज संध्याकाळी तो दवाखान्याच्या फाटकाशी मोटारसायकल लावून उभा असायचा. कधीकधी मला खिडकी बंद करायला तास-तास उशीर व्हायचा. तो ओरडला नाही. मी आले की म्हणायचा, "चल, घरला." रस्ताभर आम्ही दोघंही बोलत नसू. तो बोलत नाही म्हणून मला बरं वाटायचं. तो वाट बघत होता, मी सांगेन म्हणून, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तुम्ही लिहिलं आहे की 'आमची गोष्ट' बदलून घेता, हुमनाबाद आणि धम्मानंदचं नाव घालता. घाला. टायरच्या दुकानाचंही लिहा, अप्पांच्या खोलीचंही लिहा. खोली त्यांनी दिली हे खरंच आहे. मशीनबद्दल लिहू नका. ते माझ्याकडे राहू द्या.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी जे विचारलं आहे, की त्या दिवशी माल होता का, त्याचं उत्तर मी देत नाही. तुमच्या घरी दोन माणसं आहेत आणि उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

त्या नंबरचा रिचार्ज मी परवा पुन्हा भरला. पुढेही भरत राहीन. त्यावर काही पाठवू नका. चालू आहे एवढंच माहीत असावं.

मशीनच्या मेसेजखाली कधी नाव नसायचं. आधीच्या दोन पत्रांतही मी घातलं नाही. आज घालते.

ज्योत्स्ना